व्होल्केनो व्हेपोरायझर घरी वापरताना: तापमान, भरणी, फुगा आणि साफसफाई

व्होल्केनो म्हणजे सुकी वनस्पती न जाळता गरम हवेने तिची वाफ काढून फुग्यात भरणारं यंत्र. ते नव्याने घेतलेल्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते: फुगा भरला, पण आत काही दिसतच नाही. मग तापमान वाढवलं जातं, पुन्हा वाढवलं जातं, फुगा पांढराशुभ्र होतो, ओढल्याबरोबर ठसका लागतो आणि यंत्र बिघडलेलं आहे असं ठरतं. यंत्र ठीक असतं. १३० अंश सेल्सियसवर काढलेली लॅव्हेंडरची वाफ जवळजवळ पारदर्शक असते, तरी तिचा वास पुरता उतरलेला असतो. दाट ढगाच्या मागे लागलं की वनस्पती करपते, घसा सोलवटतो आणि वनस्पती भरायचा चेंबर लवकर चिकट होतो. म्हणून या लेखात जिथे जिथे आकडा दिला आहे तिथे तो खालच्या बाजूने सुरू करायचा आहे, असं समजून वाचा.

व्होल्केनो हे जर्मनीतल्या टुटलिंगेन गावच्या स्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं यंत्र. क्लासिक मॉडेलला तापमानासाठी गोल बटण आहे. २०१९ साली आलेल्या हायब्रिडला आकडे दाखवणारा पडदा आहे आणि फुग्याबरोबर नळीही जोडता येते. खाली दिलेल्या बहुतेक गोष्टी फुगा भरणाऱ्या इतर टेबलावरच्या यंत्रांनाही लागू पडतात. बटणांची जागा तेवढी वेगळी.

आधी कायद्याचं

हा लेख जर्मनी, कॅनडा अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, कारण भारतात हे यंत्र मागवता येत नाही. २०१९ च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंदी कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे: निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ तयार करणारं विजेवरचं साधन तिच्यात येतं. उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आत फक्त कॅमोमाइल घालतो' हा युक्तिवाद या व्याख्येपुढे टिकणारा नाही. सुट्टीला घरी येताना यंत्र सामानात टाकू नका. त्यात कधी गांजा वापरलेला असेल तर चेंबरला लागलेला चिकट थरही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली अडचणीत आणू शकतो.

जर्मनीतून कॅनडा किंवा अमेरिकेला बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपातलं यंत्र २३० व्होल्टचं असतं, तिकडचं ११० ते १२० व्होल्टचं. प्रवासी कन्व्हर्टरवर हा हीटर चालवू नका. यंत्र इथेच विकून तिथे दुसरं घेणं शहाणपणाचं.

कोणी वापरू नये

दमा, जुनाट खोकला, फुफ्फुसाचा कोणताही विकार असलेल्यांनी हे यंत्र वापरू नये. उत्पादकाची सूचनाही तीच आहे. निलगिरी किंवा लॅव्हेंडर 'छाती मोकळी करतात' म्हणून दम्याच्या माणसाला फुगा देणं धोक्याचं आहे, कारण तीव्र सुगंधी वाफेने श्वासनलिका आकसू शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना टाळा. तान्ह्या मुलांच्या जवळपास निलगिरीची वाफ सोडू नका. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांची अॅलर्जी असेल तर कॅमोमाइल वर्ज्य, कारण ते त्याच कुळातलं.

आत काय घडतं

तळातून पंप हवा ओढतो. ती फिल्टरमधून जाते, तापलेल्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून वर येते आणि चेंबरमधल्या वनस्पतीतून आरपार जाते. वनस्पती तापलेल्या धातूवर टेकवून भाजली जात नाही. गरम हवा तिच्यातली उडून जाणारी तेलं बरोबर घेऊन फुग्यात शिरते.

इथे एक प्रश्न हमखास येतो. लॅव्हेंडरच्या तेलातला लिनालूल हा सुगंधी घटक १९८ अंशांच्या आसपास उकळतो, मग १३० अंश कसे पुरतात? दोरीवरचे कपडे सुकायला पाणी उकळावं लागत नाही, वारा मिळाला की पुरे, तसंच इथे. सतत वाहणारी गरम हवा तेलाचा अंश उचलून नेत राहते. म्हणून तापमानाइतकाच हवेचा मोकळा प्रवाह महत्त्वाचा आहे. यंत्र नीट चालत नसेल तर तापमानाकडे जाण्याआधी हवा कुठे अडते आहे ते बघायचं, एवढा नियम लक्षात ठेवला तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

जागा आणि पहिली तापवणी

यंत्र सपाट, टणक टेबलावर ठेवा. हवा तळातून ओढली जाते, त्यामुळे रजई, गालिचा किंवा जाड टेबलक्लॉथ नको. वर फुगा उभा राहील एवढी जागा सोडा. कपाटाच्या फळीखाली हे यंत्र बसत नाही. पंप थरथरतो आणि घुमतो. इमारतीच्या भिंती पातळ असतील तर खाली पातळ रबराचा तुकडा ठेवा, मात्र हवेचं तोंड मोकळं राहायला हवं.

नवीन यंत्रात पहिल्याच दिवशी वनस्पती घालू नका. चेंबर रिकामा बसवा, तापमान सर्वांत वर न्या, खिडकी उघडा आणि पंप पाचेक मिनिटं चालू ठेवा. कारखान्यातून आलेला प्लास्टिकसारखा वास निघून जातो. तो पूर्ण गेला नसेल तर यंत्र थंड होऊ देऊन पुन्हा एकदा करा.

याच वेळी एक नोंद करून ठेवा: रिकाम्या चेंबरवर फुगा भरायला किती सेकंद लागले. पुढे कधी शंका आली तर तुलनेला हा आकडा सर्वांत कामाचा.

वनस्पती आणि त्यांचं तापमान

उत्पादकाने दिलेली यादी छोटी आहे आणि तिच्या बाहेर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे (गांजाच्या फुलांचं खाली वेगळं दिलं आहे). क्लासिकच्या बटणावर १ म्हणजे १३० अंश. पुढचा प्रत्येक आकडा १२ अंशांनी वाढतो आणि ९ वर २२६ होतात. हायब्रिडवर थेट अंश लावता येतात.

- लॅव्हेंडरची फुलं आणि निलगिरीची पानं: १३० अंश, बटण १
- लेमन बामची पानं: १४२ अंश, बटण २
- हॉप्सची बोंडं: १५४ अंश, बटण ३
- कॅमोमाइलची फुलं, सेज आणि थाइम: १९० अंश, बटण ६

सुरुवातीला लॅव्हेंडर घ्या. त्यात तेल भरपूर असतं, त्यामुळे काम नीट झालं की वासावरून लगेच कळतं. युरोपीय औषधकोशानुसार औषधी दर्जाच्या सुक्या लॅव्हेंडरमध्ये किलोमागे किमान १३ मिलिलिटर सुगंधी तेल असावं लागतं. थाइममध्ये १२, तर कॅमोमाइलमध्ये फक्त ४. कॅमोमाइलचा फुगा फिका लागतो त्याचं कारण हे. शिवाय त्यातली तेलं जड आहेत, म्हणून त्याला १९० अंश लागतात.

खरेदी औषधांच्या दुकानातून करा. जर्मनीत आपोथेकेमध्ये औषधकोशाच्या दर्जाच्या सुट्या वनस्पती मिळतात. सुपरमार्केटमधली चहाची पुडी बारीक चुरा असते आणि तिच्यात अनेकदा वरून सुगंध मिसळलेला असतो. पोटपुरीसाठी, म्हणजे खोलीत सुवासासाठी ठेवायला, विकलेली लॅव्हेंडर तर अजिबात नको, ती खाण्याच्या दर्जाची नसते.

आता आपल्याकडचे मोह. कापूर चेंबरमध्ये घालू नका: तो झटकन पेट घेतो आणि त्याची वाफ विषारी ठरू शकते. ऊद, लोबान, धूप नको. बामची डबी, निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल वनस्पतीवर टाकू नका. शुद्ध तेलाचा थेंब वनस्पतीपेक्षा कितीतरी तीव्र असतो आणि खोबरेल, तीळतेल यांसारखं स्निग्ध तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. ओव्याची पुरचुंडी हुंगणं आणि ओवा १९० अंशांवर तापवून छातीत ओढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुळस, गवती चहा, अडुळसा काढ्यात चालतात म्हणून श्वासातून चालतील असं नाही.

वाटणं आणि भरणं

वनस्पती कोरडी असली पाहिजे. दोन बोटांत चुरडल्यावर कुरकुर आवाज यावा. ओलसर वनस्पतीतून आधी पाणी उडतं, पहिला फुगा आतून दवावल्यासारखा ओला होतो आणि चवीला उकडलेल्या पालेभाजीसारखं काहीतरी येतं. तळघरात ठेवलेला साठा ओल धरतो. तो काचेच्या बरणीत, अंधारात ठेवा. सुकवण्यासाठी ओव्हन वापरू नका, हवं ते तेल तिथेच उडून जाईल. कागदावर पसरून खोलीत एक रात्र पुरते.

ग्राइंडरमध्ये रवाळ वाटा, साधारण जाड्या रव्याइतकं. भरड राहिलं तर हवा तुकड्यांच्या बाजूने निघून जाते आणि आतलं तेल तसंच राहतं. पिठासारखं झालं तर जाळी बुजते आणि चूर फुग्यात उडतो. जिभेवर कडवट कण लागतात ते हेच. मिक्सर नको, तो अर्धं पीठ आणि अर्धं भरड करतो. लॅव्हेंडरची कळी दोन-तीन फिरक्यांत होते, सेजच्या मऊ लवदार पानांचा मात्र गोळा होतो. तो बोटांनी मोकळा करून घ्या.

चेंबर भरताना क्रम असा:

1. खालची जाळी नीट बसली आहे ना ते बघा. वाकडी बसली तर एका कडेने चुरा खाली हीटरवर पडतो आणि जळतो.
2. वाटलेली वनस्पती चमच्याने टाका. पाव ग्रॅमपासून सुरुवात करा. चेंबरमध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त बसवायचा प्रयत्न करू नका.
3. चेंबर हलकेच थोपटून थर सपाट करा. बोटाने दाबू नका. दाबलेल्या थरात हवा एखादी फट शोधते, तेवढाच भाग करपतो आणि बाकीचा कच्चा राहतो.
4. मात्रा फारच थोडी असेल तर यंत्राबरोबर मिळणारी पोलादी तारेची चकती वर ठेवा. थर जागेवर राहतो.
5. वरची जाळी आणि टोपी बसवा.

फुगा भरणं

हीटर चालू करा. क्लासिकला तीन ते पाच मिनिटं लागतात. पिवळा दिवा विझला की तापमान गाठलं. तो नंतर मधूनमधून पेटतो आणि विझतो, ते ठीकच आहे. हायब्रिड मिनिटभराच्या आत तयार होतं. चेंबर अजून बसवू नका. आधी पंप पाच-दहा सेकंद नुसता चालवा, म्हणजे ठोकळ्यातली हवा एकसारखी गरम होते.

मग चेंबर बसवा, त्यावर फुग्याचा व्हॉल्व्ह खटकन बसेपर्यंत दाबा आणि पंप सुरू करा. फुगा आधी हाताने उलगडून घेतलेला असावा. घडी अडकली तर हवा व्हॉल्व्हच्या कडेने गळते. पहिल्या फुग्याच्या सुरुवातीला वाफ पातळ असणारच, कारण थंड चेंबरच बरीच उष्णता पिऊन घेतो.

फुगा ताठ होण्याच्या थोडं आधी पंप बंद करा. आधी फुगा काढा, मग लगेच चेंबरही यंत्रावरून उतरवा. हे पाऊल सर्वांत जास्त विसरलं जातं. चेंबर वर राहिला तर वनस्पती नुसतीच भाजत राहते आणि दुसऱ्या फुग्याला चव उरत नाही. चेंबर फक्त प्लास्टिकच्या भागाला धरा. धातूचा भाग बोट पोळण्याइतका तापलेला असतो.

फुग्याला मुखनळी लावा आणि ओठांनी हलका दाब द्या, व्हॉल्व्ह उघडतो. सावकाश, नेहमीच्या श्वासाइतकंच ओढा. श्वास रोखून धरू नका, त्याने वाढीव काही मिळत नाही आणि घसा मात्र खवखवतो. ठसका आला तर फुगा बाजूला ठेवा आणि पुढचा दहा-बारा अंश कमी तापमानावर भरा. वाफ फुग्याच्या आतल्या अंगाला जमत जाते, म्हणून दहा मिनिटांच्या आत फुगा संपवा. उद्यासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही.

हायब्रिडला नळी लावली असेल तर पंप बंद ठेवून ओढता येतं. श्वास जितका जोरात तितकी हवा कमी तापते, म्हणून इथे आणखी सावकाश.

दुसऱ्या फुग्याआधी चेंबर उघडून वनस्पती एकदा ढवळा. तळाचा भाग गडद आणि वरचा फिका दिसेल. तो फरक मिटवला की दुसरा फुगा पहिल्याइतकाच भरीव येतो. वास उतरला की तापमान दहा अंश वाढवून आणखी एक फुगा काढता येतो. वनस्पती फिकट तपकिरी झाली की टाकून द्या. काळी झाली असेल तर तापमान जास्त होतं. काळ्या वनस्पतीतून निघतो तो धूर, आणि तो टाळण्यासाठीच एवढा महागाचा खटाटोप असतो.

गांजाच्या फुलांसाठी

जर्मनीत २०१७ पासून डॉक्टर गांजाची फुलं औषध म्हणून लिहून देऊ शकतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान व्यक्तीला घरी ५० ग्रॅमपर्यंत ठेवता येतं. कॅनडात प्रौढांसाठी १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. तिथे हे यंत्र बहुतांशी याच कामासाठी घेतलं जातं, त्यामुळे हे टाळून लेख पुरा होणार नाही.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छोट्या अभ्यासात १८ निरोगी व्यक्तींनी व्होल्केनोतली वाफ आणि सिगारेटचा धूर अशा दोन्ही पद्धतींनी गांजा घेतला. वाफेनंतर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड धुराच्या तुलनेत कितीतरी कमी होता. पण २०१८ च्या जॉन्स हॉपकिन्समधल्या अभ्यासात दुसरी बाजूही दिसली: क्वचित घेणाऱ्यांना तेवढ्याच टीएचसीचा (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा) परिणाम धुरापेक्षा वाफेतून जास्त जाणवला, आणि २५ मिलिग्रॅमला काहींना उलट्या झाल्या.

म्हणून मात्रा डोळ्यांनी ठरवू नका. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. २० टक्के टीएचसी असलेल्या ०.०५ ग्रॅम फुलात १० मिलिग्रॅम टीएचसी असतं, आणि नवख्यासाठी तेही बरंच आहे. डॉक्टरांनी मात्रा आणि तापमान लिहून दिलं असेल तर तेच पाळा. इतर औषधं चालू असतील तर ती त्यांना सांगितलेली हवीत. एक फुगा घेऊन किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा. त्या दिवशी गाडी चालवू नका. वापरून झालेल्या तपकिरी चुऱ्यातही टीएचसी उरतं, तो मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असा टाका.

बिघडतं कुठे

फुगा भरायला पहिल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागतोय? चेंबर काढून नुसता पंप चालवून बघा. तरीही हवा मंद असेल तर तळाचा फिल्टर तपासा. हवा जोरात असेल तर दोष जाळ्यांमध्ये. जाळी उजेडासमोर धरा, भोकं दिसली नाहीत तर तेच कारण.

फुगा भरतो पण हातात धरल्यावर मंदपणे बसतो: व्हॉल्व्हजवळची घडी किंवा बारीक चीर. पाण्यात बुडवून बुडबुडे शोधण्यापेक्षा फुगा बदलणं सोपं. तो फाटलेला चिकटपट्टीने जोडू नका, गरम हवेत गोंद सुटतो आणि तो श्वासात जातो.

वाफेला करपट वास येतो, तापमान मात्र कमी आहे: खालच्या जाळीतून पडलेला चुरा हीटरच्या तोंडावर बसला आहे. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर ब्रशने काढा. यंत्र उलटं करून आपटू नका आणि आत पाणी किंवा अल्कोहोल ओतू नका.

धूरसूचक वाजला तर त्याला पिशवी बांधायची नाही. भाड्याच्या घरात ते बेकायदेशीरही ठरू शकतं. यंत्र सूचकाखालून हलवा आणि खिडकी उघडा.

साफसफाई

प्रत्येक वापरानंतर चेंबर कोमट असतानाच ब्रशने झाडा, पूर्ण गार झाल्यावर चिकटा घट्ट बसतो. आठ-दहा भरण्यांनंतर चेंबर सुटा करा. जाळ्या आणि धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवता येतात. प्लास्टिकचे भाग अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका, ते रंग सोडतात आणि ठिसूळ होतात. मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल ज्वलनशील आहे: त्याचा वास येत असेपर्यंत चेंबर यंत्रावर चढवायचा नाही, आणि हे काम गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकीजवळ करायचं.

जाळीचा चिकटा निघतच नसेल तर ती बदला, ती स्वस्त असते. फुगा धुता येत नाही. आतून पिवळट झाला किंवा शिळा वास येऊ लागला की नवा लावा. लॅव्हेंडरसाठी एक आणि गांजासाठी दुसरा असे फुगे वेगळे ठेवा, वास एकमेकांत मिसळतात. मुखनळी घरात एकाहून जास्त माणसं वापरत असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र असावी.

तळाचा फिल्टर महिन्यातून एकदा काढून बघा. राखाडी दिसला की नवा घाला. घरात धूळ जास्त असेल, मांजर असेल किंवा स्वयंपाकघरातल्या फोडण्यांचा धूर त्या खोलीत येत असेल तर तो लवकर भरतो, कारण यंत्र खोलीतली हवाच ओढत असतं. यंत्र स्वयंपाकघरात न ठेवण्याचं हे एक चांगलं कारण आहे. क्लासिकच्या जुन्या यंत्रांत हीटर आपोआप बंद होत नाही, म्हणून खोलीतून उठताना दोन्ही बटणं बंद करून प्लग काढा.